दारातला डोळा

लिस्बनच्या चढावर आमचा बार आहे, त्याच्या दाराला एक बारीक भोक आहे. पूर्वी बेल वाजली की मी, इथला दारवान, त्यातून बघायचो आणि बाहेर पोलीस दिसला तर आतला लाल दिवा लावायचो. दिवा लागला की मिठीत नाचणारे पुरुष झटकन वेगळे होऊन खुर्च्यांवर बसायचे. ओलेगारियू मला इथेच भेटला. पुढे तो माझ्याकडे राहायला आला, शेजाऱ्यांच्या लेखी माझा मावसभाऊ म्हणून.

आता कुणी कुणाला भीत नाही. तरी नवी मालकीण बेनेदिता ते भोक बुजवू देत नाही. म्हणते, "काका, जरा डोळा वटारून बघत जा ना! पर्यटकांना फार आवडतं." पुरुषांची जोडपी हातात हात घालून येतात, मुद्दाम बेल वाजवतात आणि माझ्या डोळ्याचा फोटो काढतात.

काल ब्राझीलहून आलेल्या जोडप्यातल्या एकाने विचारलं, "काका, एवढी वर्षं लपूनछपून काढलीत. ती सवय सुटली कशी हो?"

"सवय कसली डोंबलाची? नोकरी होती ती. कायदा बदलला, विषय संपला."

आज सकाळी घरची बेल वाजली. बघितलं तर गॅसवाला. "आलो, आलो" म्हणत मी पलंगावरची दुसरी उशी कपाटात कोंबली आणि मगच कडी काढली.



ओलेगारियूला जाऊन तीन वर्षं झाली.