उसंत

लितियाने यंत्राचे झाकण उघडले, पण नळी बाहेर काढली नाही.

"अगं, काढ की," प्रयोगशाळेच्या प्रमुख ग्वेन म्हणाल्या. "आत ठेवून काय उबवणार आहेस?"

आज चमक दिसली नाही, तर प्रवाळाच्या या चमकणाऱ्या प्रथिनाचा नाद सोडून लितियाने दुसरा विषय घ्यायचा, असे त्यांचे ठरले होते. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या त्या प्रयोगशाळेत ती एवढ्याचसाठी फिजीतल्या सुव्हाहून आली होती.

प्रवाळाचा जनुक जिवाणूत घालून त्याच्याकडून प्रथिन करून घ्यायचे होते. जनुकात एकाच अर्थाचे अनेक शब्द असतात. जिवाणूला त्यांतले काही अंगवळणी पडलेले असतात. विरळा शब्द आला की त्याचा हात मंदावतो. म्हणून गेल्या खेपेस लितियाने सगळे विरळे शब्द काढून त्याच्या सवयीचे घातले. प्रथिन भराभर तयार झाले, पण नीट घडी पडून चमक यायच्या आतच त्याच्या पांढऱ्या गुठळ्या झाल्या. या खेपेस, जिथे घडी पडते तिथले थोडे विरळे शब्द तिने परत आणले होते.

"म्हणजे जंतूंना फिजीचं घड्याळ बांधलंस म्हण की!" शेजारच्या टेबलावरून डॅरेल म्हणाला. "आरामात, उद्या बघू!"

"तुझ्या घड्याळानं दही झालं होतं, विसरलास?" लितिया म्हणाली. सगळे शब्द बदलायचा सल्ला त्याचाच होता.

तिने नळी काढली. डॅरेलने दिवे मालवले, ग्वेननी निळा झोत धरला.

नळीच्या तळाशी हिरवा ठिपका पेटला.

मग डॅरेल म्हणाला, "ज्याचं साधलं त्यानं केक आणायचा. रीत आहे इथली."

"गाडीत आहे. अननसाचा. सकाळीच केलाय."

"म्हणजे खात्री होती तर!"

"छे! नसतं चमकलं तर गाडीतच बसून एकटीनं संपवला असता."

बाहेर दहाच्या चहासाठी दारे वाजू लागली. "चला, लवकर, नाहीतर बिस्किटं उरणार नाहीत," म्हणत डॅरेलने दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

ग्वेननी तो मनगटाशी धरला.

"थांब रे जरा," त्या म्हणाल्या. "कसली घाई आहे?"