मिठाचं पाणी

"औषध आजपासून बंद. दोघांचंही," डॉक्टर अफीदा म्हणाल्या. "आता कुणाला काय मिळत होतं ते सांगायला हरकत नाही. रोहायामावशी, तुमच्या सुईत खरं औषध होतं. काकांच्या सुईत नुसतं मिठाचं पाणी."

रोहायाचा नवरा वान दाऊद आधी डोळे विस्फारून बघतच राहिला. मग असा खदाखदा हसला की मलेशियातल्या कोता भारूच्या त्या दवाखान्यातली बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावली.

"मिठाचं पाणी! ऐकलंस? म्हणजे एवढी ढेरी मी स्वतःच्या हिमतीवर उतरवली!" त्याने कमरेत ढगळ झालेली विजार ओढून दाखवली. "साखर उतरली, प्रेशर उतरलं. आणि ही बघा! मिळालं खरं औषध, तरी बाई आपली भोपळाच. चोरून आकोक हादडत असणार, अंड्यागुळाचे."

एरवी रोहायाने जिभेचा पट्टा सोडला असता. आज ती त्याच्या ढगळ विजारीकडेच बघत राहिली.

डॉक्टरही हसल्या नाहीत. भूक लागल्याची वर्दी मेंदूकडे जाते ती वाटच अडवायची, असं हे नवं औषध. बाजारात यायचं होतं, म्हणून आधी माणसांवर पारखत होते; निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी, कुणाला काय ते न सांगता.

"वजनं उतरली हो," त्या म्हणाल्या, "पण दुसऱ्या गावी खरं औषध घेणाऱ्या काहींचं लिव्हर खराब झालं आहे. एक बाई गेली. मावशी, तुमचं रक्त आत्ताच्या आत्ता तपासायला हवं."

खरं औषध आपल्याच सुईत आहे, हे रोहायाला आज कळलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात तिने ओळखलं होतं. तिची भूक पार मेली, आणि नवरा मात्र भातावर बुडू, ते माशांचं आंबवलेलं खारं पाणी, ओतून पुन्हा पुन्हा वाढून घेतोय. साखर त्याला, प्रेशर त्याला. त्याचा थोरला भाऊ तर जेवताजेवताच गेलेला. सुई दिसली की वान दाऊद भिंतीकडे तोंड फिरवायचा, त्यामुळे घरी दोघांना टोचायची तीच. तेव्हापासून तिची सुई त्याला आणि त्याची तिला. कुणाला एका शब्दाने बोलली नाही. त्याची ढेरी उतरताना बघून मनातल्या मनात केवढी खूश व्हायची!

वान दाऊदचं हसू केव्हाच मावळलं होतं. खुर्ची ओढून तो डॉक्टरांपुढे सरकला.

"लिव्हरचा तुकडा काढून देता येतो म्हणे, डॉक्टर? मग माझा घ्या. माझं धडधाकट आहे, मिठाच्या पाण्यावरचं." बायकोच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "घाबरतेस काय, वेडे! मी आहे ना."

नर्स आली आणि तिने रोहायाचा हात मागितला. रोहायाने तो दिला नाही. तिने नवऱ्याचं मनगट धरून टेबलावर ठेवलं आणि त्याची बाही वर सारली.

"ह्यांचं काढा," ती म्हणाली. "माझी सुई मी ह्यांना देत होते."

नर्स जागच्या जागी थिजली. डॉक्टर ताडकन उठल्या, वान दाऊदचा चेहरा उजेडाकडे वळवून त्यांनी त्याची पापणी खाली ओढली. आतलं पांढरं हळद लागल्यासारखं पिवळं होतं.

"म्हणजे," वान दाऊदने विचारलं, "हिला काही झालेलं नाही ना?"