शांतीचा हात

चर्चमध्ये वेदीपाशी पांढऱ्या झग्यात हॉलिस उभा दिसला आणि व्हर्ना मागच्या बाकावर न बसता सरळ पुढे गेली. मधल्या वाटेच्या कडेची जागा तिने धरली. तिथून त्याला तिला टाळून जाता आलं नसतं.

हॉलिस तिचा धाकटा भाऊ, या चर्चमध्ये उपासनेला मदत करणारा. आईच्या दफनानंतरच्या जेवणात त्याने टेबलावर वाईनची बाटली ठेवली होती, आणि दारूला शिवणंही पाप मानणाऱ्या पक्क्या बॅप्टिस्ट व्हर्नाने ती सगळ्या पाहुण्यांदेखत मोरीत ओतली होती. तेव्हापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. फोन केला तर ठेवून द्यायचा. आता दोघांचीही सत्तरी उलटली होती. मेल्यावर येऊन खांदा देण्यापेक्षा जिवंतपणी हात दिलेला बरा, असं तिला हल्ली फार वाटायचं.

म्हणून हा बेत. तिच्या केस कापणाऱ्या बाईनेच सांगितलं होतं, की हॉलिसच्या एपिस्कोपल पंथात अर्ध्या उपासनेत सगळे उठतात, एकमेकांना हात देतात आणि 'प्रभूची शांती' म्हणतात. कुणाला चुकवता येत नाही. चारचौघांत, तेही झगा घालून, हॉलिस बहिणीचा हात कसा नाकारणार?

"पहिल्यांदाच आलात वाटतं," शेजारची बाई म्हणाली. पिटुकली, लाल टोपीवाली. "मी डॉट. ही दोन पुस्तकं आणि हा कागद. मध्येच कुठे हरवलात तर माझ्याकडे बघा. मीही हरवलेलीच असते, पण चेहऱ्यावर दाखवत नाही."

व्हर्नाला हसू आलं. दारापासून इथवर येताना चौघांनी तिचं नाव विचारलं होतं, एकाने कोट घेऊन ठेवला होता. माणसं वाईट नव्हती. त्याचा तिला थोडा रागच आला.

धर्मगुरू बाई होती आणि सगळे तिला मदर एल्स्पेथ म्हणत. व्हर्नाने तेही गिळलं. ती एकाच गोष्टीची वाट बघत होती. सारखी उठबस चालली होती, गुडघे कुरकुरत होते. शेवटी मदर एल्स्पेथ लोकांकडे वळली तेव्हा व्हर्नाने उजवा हात फ्रॉकला पुसून तयार ठेवला.

"गावात खोकल्याची साथ आहे," मदर एल्स्पेथ म्हणाली. "तेव्हा आज कुणी हात मिळवायचे नाहीत. जागेवरूनच मान हलवा, हसा. तेवढी शांती पुरे."

लोक वळून वळून एकमेकांकडे बघत हसत होते. व्हर्नानेही हसल्यासारखं केलं आणि वेदीकडे पाहिलं. हॉलिसने तिला पाहिलं होतं. पाहिलं आणि लगेच वेदीवरच्या कापडाची घडी नीट करायला लागला. ती घडी आधीच नीट होती.

पर्स उचलून निघून जावं असं तिच्या मनात आलं. एवढ्यात रांगा पुढे सरकू लागल्या.

"प्रभुभोजन," डॉट कानाशी म्हणाली. "भाकर आणि एकाच प्याल्यातून सगळ्यांना घोट. चला की."

"हात बंद आणि प्याला चालू?"

"वाईनने जंतू मरतात म्हणे. आमच्यात एवढी एक श्रद्धा अगदी पक्की आहे."

"वाईन? आमच्यासारखा द्राक्षाचा रस नाही?"

"रस कसला, खरी वाईन. नको असेल तर हात छातीवर असे फुलीसारखे ठेवा. नुसता आशीर्वाद मिळतो, कुणी काही विचारत नाही."

"प्याला कोण देतं?"

"आज हॉलिस."

व्हर्ना उठली. वेदीपुढच्या कठड्यापाशी गादीवर गुडघे टेकले तेव्हा तिचे हात छातीवर फुलीसारखेच होते. जन्मात तिने थेंब चाखला नव्हता. मदर एल्स्पेथने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि पुढे गेली. मागून हॉलिसचे काळे बूट आले. बहिणीच्या छातीवरची फुली बघून ते तिला सोडून पुढे निघाले.

व्हर्नाने हात खाली घेतले.

बूट थांबले, परत आले. "ख्रिस्ताचं रक्त," हॉलिस म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याला आठवेनात. दर महिन्याला म्हणत होता ते शब्द. मग तो वाकला.

"ओतून नाही ना टाकणार?"

व्हर्नाने प्याल्याचा तळ दोन्ही हातांनी धरला आणि चांगला मोठा घोट घेतला. घसा जळला, डोळ्यांत पाणी आलं. निदान ते वाईनमुळे आलं असं म्हणता येत होतं. हॉलिसने रुमालाने प्याल्याची कड पुसली, प्याला जरा फिरवला आणि तो डॉटकडे गेला. बाकीच्यांना द्यायचं तसंच व्हर्नाला दिलं त्याने. एवढंच.

आजूबाजूचे उठले. व्हर्नाला उठता येईना. आयुष्यभर बसून प्रार्थना केलेले गुडघे ते, गादीवर बसले ते बसलेच. डॉटने दंड धरून ओढून पाहिलं, पण चिमणीने गाय उठवावी तसा प्रकार. मागची रांग थांबली. व्हर्ना शरमेने कठडा धरून राहिली.

हॉलिसने प्याला मदर एल्स्पेथच्या हातात दिला. कठड्याशी आला आणि बहिणीपुढे हात केला.

"आज हात द्यायचा नाही म्हणे," व्हर्ना म्हणाली.

"ते बाकीच्यांना," हॉलिस म्हणाला.