नंबराशेजारचा फोटो

"पाळकसाहेबांचा नंबर असा चव्हाट्यावर टांगू नकोस गं," पिल्सुन आजींनी बजावलं होतं. दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या चर्चची वेबसाइट सांभाळणारी हेजिन हसली होती. "आजी, अडल्यानडल्यांनी त्यांना शोधायचं कुठे?" उलट तिने नंबराशेजारी त्यांचा फोटोही लावला. आज तोच फोटो लावलेल्या अनोळखी नंबरावरून निरोप आला. "नंबर बदललाय. तुझ्या बाळाला आशीर्वाद द्यायला एकटाच येतोय. दारावरच्या घंटेने ते उठेल, दाराच्या कुलपाचे आकडे पाठव." हेजिन चपापली. पाळकसाहेब पत्नीशिवाय, म्हणजे पाळकबाईंशिवाय, कुणा बाईच्या घरी पाऊल टाकत नाहीत. तिने विचारलं, "पाळकबाई नाहीत?" उत्तर आलं, "शंका घेतेस? पिल्सुन आजींनी तर त्यांच्या दाराचे आकडे लगेच पाठवले." एकट्या राहणाऱ्या आजी नंबर कुठे वाचतात, फोटो तेवढा बघतात. हेजिनने त्यांना फोन लावला, पण त्या उचलेनात. हेजिनने चर्चच्या ग्रुपवर लिहिलं, "पिल्सुन आजींच्या इमारतीतलं कुणी घरी आहे? आत्ता त्यांचं दार वाजवा."