जागा मोकळी हवी

“घासायचे पैसे वेगळे का लावलेत?” भिंगने विचारलं.

फरशीवाला हॉलमध्ये गुडघ्यावर बसून जमीन नखाने खरवडून बघत होता. “साहेब, जुनी जमीन घासून खरखरीत केल्याशिवाय त्यावर एपॉक्सीचा ओतीव थर धरत नाही. वर्षभरात पापुद्रे सुटतील.”

“म्हणजे तुम्हाला पुन्हा काम!”

भिंग हिशेबतपासनीस होता. ‘भिंग’ हे नाव कचेरीतल्यांनी त्याच्या पाठीमागे ठेवलेलं. त्याला कळलं तेव्हा राग यायच्या ऐवजी बरंच वाटलं होतं. भाजीच्या पिशवीपासून विजेच्या बिलापर्यंत तो सगळं दोनदा बघायचा. बायकोने फोन ठेवला की कुणाचा, कशाला, इतका वेळ का, हेही विचारायचा. विचारण्यात वाईट काय, असं त्याचं म्हणणं.

बायको दारात उभी होती. ही टूम तिचीच. इतक्या वर्षांत तिने कधी साधा पडदा बदलायचा हट्ट धरला नव्हता, आणि आता एकदम संगमरवरासारखी नक्षी असलेली चकचकीत जमीन हवी झाली. वर म्हणाली, निम्मे पैसे मी माझ्या पगारातले घालते. तिथेच भिंगच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

“नुसता हॉल केला तर?” त्याने विचारलं.

“मग हॉलचं सामान आत कोंबा, आतलं करताना पुन्हा बाहेर काढा,” बायको म्हणाली. “करायचं तर एकदाच करून टाकू.”

“ताई बरोबर बोलतायत,” फरशीवाला म्हणाला. “मला जागा पूर्ण मोकळी हवी. एक खुर्चीसुद्धा नको. आणि शेवटचा थर दिल्यावर आठवडाभर आत कुणी राहायचं नाही.”

ताई! भिंगने ते बरोबर टिपलं. या दोघांचं आधीच सूत जुळलेलं दिसत होतं. दर फुगवायचा आणि मधला मलिदा वाटून घ्यायचा, असले प्रकार त्याने कचेरीत ढिगाने पकडले होते. घरातही तेच बघायची वेळ यावी, हे मात्र त्याला फार लागलं.

त्याने दुसऱ्या फरशीवाल्याकडून अंदाज मागवला. तो पहिल्यापेक्षा बराच जास्त निघाला. मग भिंगला नवीनच घोर लागला, की पहिल्याला एवढ्यात परवडतं कसं?

त्याने खर्चाला कात्री लावायला घेतली. झोपायच्या खोलीतली नक्षी उडवली, स्वयंपाकघरात साधा एकरंगी थर ठेवला. बायको प्रत्येक वेळी “चालेल” एवढंच म्हणाली.

“आणि हॉलचा रंग?”

“तुम्हाला आवडेल तो घ्या.”

मागते ती आणि रंग निवडायचा मी! नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

एकदा ती गॅलरीत हलक्या आवाजात फोनवर बोलत होती. “हो, तारीख पक्की झाली की कळवते.” तो मागे येऊन उभा राहिला. “कोण, फरशीवाला?”

“टेम्पोवाला. सामान न्यायला नको का?”

सामान टेम्पोवाल्याच्या गोदामात ठेवायचं ठरलं आणि भिंगची झोप उडाली. त्याने फर्मान काढलं, “खोक्यांवर नावं घालायची. तुझं तुझ्यात, माझं माझ्यात. एकाचं दुसऱ्यात जाता कामा नये. ही माणसं अदलाबदल करतात.”

“बरं,” बायको म्हणाली.

नावं त्यानेच घातली. बायकोचं शिलाई मशीन, पुस्तकं, तिच्या आईने दिलेलं आरशाचं कपाट. तिची खोकी बंद करण्याआधी त्याने ती खालपर्यंत उचकून पाहिली. फरशीवाल्याची एखादी चिठ्ठी, लपवलेले पैसे, काहीतरी सापडेल म्हणून. काही नव्हतं. ती भिंतीला टेकून शांतपणे बघत होती.

“गरम कपडे कशाला बांधलेस?”

“कपाट चाललंय. मग ते ठेवू कुठे?”

भिंगने त्याही खोक्यावर तिचं नाव घातलं. टेम्पो गेला. बायको बहिणीकडे राहायला गेली, आणि तिथे जागा अपुरी म्हणून भिंग भावाकडे.

त्याने रजा काढून फरशीवाल्यावर पहारा ठेवला. डबे मोजले, मापं पाहिली, तळाशी राहिलेला रंगसुद्धा तिरका करून बघितला. बायकोचा रोज एकच निरोप यायचा, “काम नीट बघा.” तो बघतच होता. पण चोरी काही सापडेना. उलट एक डबा न फोडता उरला, तर फरशीवाल्याने त्याचे पैसे हिशेबातून वजा केले.

शेवटच्या थरानंतर आठवड्याने भिंगने चपला बाहेर काढून दार उघडलं. रिकाम्या घरात जमीन शांत पाण्यासारखी दिसत होती. त्याला स्वतःची लाज वाटली. या बाईने जन्मात एक हौस केली, आणि आपण तिची खोकी उचकत बसलो. आज ती आली की आधी माफी मागायची, असं त्याने ठरवलं. “तुझंच बरोबर होतं” हे वाक्य त्याने रिकाम्या हॉलमध्ये दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं.

खाली टेम्पो थांबला. पलंग आला, फ्रिज आला, खोकी आली. भिंग सवयीने प्रत्येकावरचं नाव वाचत होता. टेम्पोवाल्याने हात झटकले आणि घाम पुसला.

“बाकीचं कुठंय?” भिंगचा आवाज चढला. “अर्ध्या सामानावर हात मारलास! मला वाटलंच होतं.”

टेम्पोवाला गोंधळला. “ताईंचं ना, साहेब? ते त्याच दिवशी त्यांच्या नव्या घरी उतरवलं की. त्या म्हणाल्या, साहेबांनी सगळं स्वतः तपासून दिलंय.”