पासापुरतं वजन

“उतरा बाई. कुणी पंखा लावला तर उडून जाल,” पडदेवाली म्हणाली.

मोठ्या बाई काट्यावरून उतरल्या. नर्सने आकडा वाचला, जाड झग्याचा म्हणून ठरलेला एक किलो वजा केला आणि तक्त्यावर लिहिलं: त्रेचाळीस पूर्णांक तीन. मागच्या सोमवारपेक्षा चारशे ग्रॅम कमी.

“आता तू चढ, पडदेवाली,” बाई म्हणाल्या. “तुझी गाठही धरून मोजतात, नशीब तुझं.”

पडदेवालीचे चव्वेचाळीस पूर्णांक सहा भरले. दोनशे ग्रॅम जास्त.

त्या परक्या देशातल्या दवाखान्यात या दोघींचीच काय ती भाषा एक होती. एक निवृत्त मुख्याध्यापिका, दुसरी पडदे शिवणारी. खोली एक, पोटातली गाठही सारखीच. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दुभाष्याकरवी सांगितलं होतं, पंचेचाळीस किलो भरल्याशिवाय ऑपरेशन नाही. त्याखालचं शरीर टेबलावर टिकत नाही. सहा सोमवार वाट बघू, नाहीतर घरी. घरी म्हणजे काय, हे सांगायला मात्र दुभाष्या लागला नाही.

“पासाला पंचेचाळीस, माझ्या शाळेसारखेच,” बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. “चाळीस वर्षांत मी कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही. चव्वेचाळीसवाली पोरं रडत जायची. त्यांचे शाप भोवले बघ.”

“बरं झालं. मीही गणितात अशीच गेले. तुमच्यासारखीच कुणी सटवी होती.”

बाई इतक्या हसल्या की नर्स धावत आली.

दुपारी वेळ जायला पडदेवालीने बाईंना शिवण शिकवायला घेतली. तिच्याकडे बिस्किटांच्या डब्यात सुई, दोरा, छोटी कात्री असायची. बाई डावखुऱ्या. त्यांचे टाके उलटीकडे झुकायचे, आणि एक लांब तर एक आखूड. “बाई, असा पडदा लावला तर गिऱ्हाईक घर विकेल,” पडदेवाली म्हणायची. बाई म्हणायच्या, “मी मेल्यावर तुझ्या स्वप्नात येऊन शिवत बसेन.”

दुसऱ्या सोमवारी बाईंचं वजन पहिल्यांदा घसरलं. त्या दिवशी त्यांनी चेष्टा केली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. पडदेवालीला ते बघवेना. खिडकीचे पडदे उंच आणि भारी होते. ते उडू नयेत म्हणून खालच्या दुमडीत शिशाच्या चकत्या घालतात, हे तिला सांगायला नको होतं. एकेक चकती शंभर ग्रॅमची. बाई झगा ठेवून अंघोळीला गेल्यावर तिने पडद्यातल्या दोन काढल्या, बाईंच्या झग्याच्या दुमडीत सारल्या आणि चार टाके मारले.

पुढच्या सोमवारी बाईंचं वजन आणखी उतरलं. दोन चकत्या घालूनही उतरलं. म्हणजे बाई आतून किती झिजत असतील, असा पडदेवालीने हिशेब केला. तिने आणखी दोन घातल्या, दुमडीत नव्या जागी. तरी आकडा खालीच. मग आणखी दोन, आणि सहाव्या सोमवारआधी एकदम चार. तिचं स्वतःचं वजन तेवढं दर आठवड्याला चढत होतं. “अन्न अंगी लागतंय गं,” तिने फोनवर मुलीला सांगितलं. झगा खांद्यावर ओझ्यासारखा वाटायचा, पण अशक्तपणात कापडही जड होतं, असं नर्सनेच दुभाष्याकरवी सांगितलं होतं.

“पडदा फार उडायला लागलाय,” बाई एकदा म्हणाल्या.

“माझ्या हातचा नाही, म्हणून,” पडदेवाली पटकन म्हणाली.

सहाव्या सोमवारी पडदेवालीचे पंचेचाळीस पूर्णांक एक भरले. बाईंचे बेचाळीस.

बुधवारी बाईंचा भाचा त्यांना न्यायला आला. बाईंनी झगा उतरवून नर्सच्या हातात दिला. पडदेवाली नर्सच्या हाताकडे बघत राहिली. दहा चकत्या होत्या त्यात. नर्सने तो दोन बोटांवर टाकला आणि गाणं गुणगुणत घेऊन गेली. हिच्या हातात ताकद आहे, पडदेवालीच्या मनात आलं.

“चला बाई,” ती म्हणाली. “नापास झालात एकदाच्या.”

“तू पास झालीस ना? बस.” बाईंनी तिच्या गालावर हलकीशी चापट मारली. “आणि निकाल लागल्यावर पेपर परत उघडायचा नाही, सांगून ठेवते.”

गुरुवारी सकाळी पडदेवाली पलंगाच्या कडेला बसून होती. आठ वाजता शेवटचं वजन, मग ऑपरेशन. तिने पाय हलवला आणि झग्याची दुमड पलंगाच्या लोखंडी पायावर आपटली. टण्ण.

तिने दुमड चाचपली. एक, दोन, मग बोटं फिरतच राहिली. दहा. बाहेरून टाके दिसत होते, उलटीकडे झुकलेले, एक लांब, एक आखूड.

पंचेचाळीस पूर्णांक एकमधून एक किलो. हे गणित तिलाही जमलं. त्याखालचं शरीर टेबलावर टिकत नाही. आणि दोन पलंग पलीकडे बाईंची रिकामी गादी गुंडाळून ठेवलेली होती. घरी म्हणजे तसं.

व्हरांड्यात काट्याची चाकं वाजू लागली. असले टाके काट्यावर चढेपर्यंतही टिकणार नाहीत, हे पडदे शिवणारीला सांगायला लागत नाही. पडदेवालीने डबा उघडला, कात्री घेतली आणि बाईंचा टाका न् टाका उसवला.

मग सुईत दोरा ओवला आणि त्याच दहा चकत्यांवर आपले बारीक, सरळ टाके घालायला बसली.