चाकांखालची लिंबं

जयलक्ष्मीपुरमच्या शरतने वारलेल्या वडिलांच्या अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन काढून विजेची मोटर बसवायला घेतली. निम्मी हौस, निम्मं आईला डिवचणं. आयुधपूजेला गाडी चाकांशिवाय लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उभी होती. तरी त्याच्या आईने, भवानीबाईंनी, चाकांच्या जागी फरशीवर चार लिंबं मांडली.

"चाकंच नाहीत, अम्मा! चिरडणार कोण?"

"त्यांची गाडी आहे ती. बेडा, शरत, नको, खाली जाऊ नको."

"तू सुम्ने, गुपचूप आत जा."

तो हसतच गाडीखाली सरकला.

पुढचं लिंबू फच्चकन फुटलं. चपट्या सालीवर टायरची नक्षी होती. गाडी जागची हललीसुद्धा नव्हती. मग शेजारचं फुटलं.

"अहो, पोरगा खाली आहे!" भवानीबाई रिकाम्या सीटकडे बघून ओरडल्या.

शरतच्या पसरलेल्या हातावर गार रबर टेकलं आणि सावकाश फिरू लागलं.